बाटलीतले निकोटीन : ई-लिक्विडची निवड, साठवण आणि कायदा

तंबाखू हा धाराशिव जिल्ह्याला नवा विषय नाही. तळहातावर चुना लावून मळलेली तंबाखू, पहाटे दातांना लावायची मिश्री, पानटपरीवरची पुडी ही व्यसने येथील घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. त्यांचा वास, रंग आणि परिणाम घरातल्या जाणत्या माणसाला लगेच ओळखू येतात. मात्र शिक्षणासाठी वा नोकरीसाठी पुण्या-हैदराबादेस गेलेल्या मुलाच्या बॅगेत पेनाएवढे उपकरण आणि अत्तराच्या कुपीएवढी रंगीत बाटली दिसली, तर ती काय आहे हे अनेक पालकांना उमगत नाही. तिला तंबाखूचा वास नसतो. आंबा, पुदिना किंवा स्ट्रॉबेरीचा असतो. ही बाटली म्हणजे ई-सिगारेटमध्ये भरावयाचे द्रव, अर्थात ई-लिक्विड होय.

हे द्रव कोणते निवडावे, ते किती दिवस टिकते, कोठे ठेवावे, असे प्रश्न तरुण मंडळी एकमेकांना विचारतात. परदेशी कंपन्यांच्या जाहिरातींतून त्यांना उत्तरेही मिळतात. परंतु ती उत्तरे ज्या देशांत हा व्यापार नियमांनी बांधलेला आहे, त्या देशांसाठी लिहिलेली असतात. आपल्याकडे परिस्थिती निराळी आहे. या लेखात ई-लिक्विड म्हणजे काय, त्याच्या बाटलीवरील आकड्यांचा अर्थ काय, ते कशाने बिघडते, भारतीय कायदा काय सांगतो आणि अशी बाटली घरात आढळल्यास काय करावे, याची माहिती क्रमाने दिली आहे.

द्रवात काय असते?

आजच्या स्वरूपातील ई-सिगारेटचे श्रेय सामान्यतः चीनमधील औषधनिर्माणतज्ज्ञ होन लिक यांना दिले जाते. त्यांनी २००३ च्या सुमारास हे उपकरण विकसित केले. त्यात एक बॅटरी, एक तापणारी तार (तिला कॉइल म्हणतात) आणि द्रवाची टाकी असते. कॉइल तापली की द्रवाचे सूक्ष्म तुषार बनतात आणि ते श्वासावाटे फुप्फुसात ओढले जातात. त्याला बोलीभाषेत वाफ म्हणत असले, तरी ती पाण्याची वाफ नव्हे.

द्रवात मुख्यत्वे चार गोष्टी असतात. पहिल्या दोन म्हणजे प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन. हे दोन्ही गोडसर, रंगहीन आणि हवेतील ओलावा शोषणारे पदार्थ आहेत. पहिला पातळ असून स्वाद चांगला वाहून नेतो. दुसरा घट्ट असून त्याने धुराचा लोट दाट होतो. तिसरी गोष्ट म्हणजे स्वादद्रव्ये. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची म्हणजे निकोटीन. तंबाखूच्या पानातून हे द्रव्य १८२८ साली जर्मनीत प्रथम शुद्ध स्वरूपात वेगळे काढण्यात आले. व्यसन जडते ते याच द्रव्यामुळे.

अलीकडच्या काही द्रवांत निकोटीन बेन्झॉइक आम्लासारख्या आम्लाशी संयुक्त करून क्षाररूपात वापरतात. साधे निकोटीन अधिक प्रमाणात ओढले तर घशाला झोंबते आणि माणूस आपोआप थांबतो. क्षाररूपातील निकोटीन तसे झोंबत नाही. त्यामुळे नवख्या मुलालाही मोठी मात्रा सहज ओढता येते. सवय लवकर जडण्याचे हे एक प्रमुख कारण मानले जाते.

बाटलीवरील आकडे

बाटलीवर ३, ६, १२, २० किंवा ५० असा आकडा असतो. तो एका मिलिलिटर द्रवातील निकोटीनचे मिलिग्रॅममधील प्रमाण दाखवितो. काही ठिकाणी ते टक्क्यांत लिहिलेले असते. २ टक्के म्हणजे २० मि.ग्रॅ. आणि ५ टक्के म्हणजे ५० मि.ग्रॅ. '५ टक्के' हा शब्दप्रयोग ऐकावयास किरकोळ वाटतो, म्हणूनच हिशेब करून पाहणे आवश्यक आहे. २० मि.ग्रॅ. तीव्रतेच्या १० मि.लि. बाटलीत एकूण २०० मि.ग्रॅ. निकोटीन असते. ५० मि.ग्रॅ. तीव्रतेच्या ३० मि.लि. बाटलीत ते १,५०० मि.ग्रॅ. होते.

या आकड्यांचे गांभीर्य समजण्यासाठी एक तुलना पुरेशी आहे. प्रौढ माणसासाठी निकोटीनची प्राणघातक मात्रा ६० मि.ग्रॅ. असल्याचे जुन्या पाठ्यपुस्तकांत दिलेले असे. ऑस्ट्रियातील औषधशास्त्रज्ञ बर्न्ड मायर यांनी २०१४ मध्ये त्या आकड्याचा उगम तपासून तो फारच कमी असल्याचे दाखविले. त्यांच्या मते पोटात गेल्यास ही मात्रा ५०० ते १,००० मि.ग्रॅ., म्हणजे शरीराच्या दर किलो वजनामागे किमान साडेसहा मि.ग्रॅ. इतकी असावी. हा नवा, सौम्य हिशेब मान्य केला तरीही सुमारे दहा किलो वजनाच्या बालकासाठी ती ६५ मि.ग्रॅ. ठरते. २० मि.ग्रॅ. तीव्रतेच्या द्रवात एवढे निकोटीन सव्वातीन मि.लि.मध्ये असते, तर ५० मि.ग्रॅ. तीव्रतेच्या द्रवात दीड मि.लि.हूनही कमी द्रवात. मळमळ, उलट्या, भोवळ असा त्रास तर याहून कितीतरी कमी मात्रेत सुरू होतो. आंब्याचा वास आणि गोड चव असलेली बाटली रांगत्या मुलाच्या हाती लागणे किती धोक्याचे आहे, हे यावरून ध्यानात यावे.

कायदा काय सांगतो?

केंद्र सरकारने १८ सप्टेंबर २०१९ रोजी अध्यादेश काढून ई-सिगारेटवर देशभर बंदी घातली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याची जागा 'इलेक्ट्रॉनिक सिगारेट प्रतिबंध अधिनियम, २०१९' या कायद्याने घेतली. त्यानुसार ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण आणि जाहिरात हे सर्व गुन्हे आहेत. विक्री दुकानातून असो वा ऑनलाइन, फरक पडत नाही. संपूर्ण उपकरण असो अथवा त्याचा एखादा भाग असो, दोन्हींना बंदी लागू आहे. पहिल्या गुन्ह्यासाठी एक वर्षापर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. पुन्हा गुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पाच लाख रुपयांपर्यंत दंड, अशी तरतूद आहे.

साठवणुकीसाठी स्वतंत्र कलम आहे. जागेचा मालक, भोगवटादार किंवा ती जागा ज्याच्या ताब्यात आहे अशी कोणतीही व्यक्ती जाणूनबुजून तेथे ई-सिगारेटचा साठा ठेवू देत असेल, तर सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. वसतिगृहाची खोली, भाड्याचे घर वा गावातले दुकान मित्राच्या 'मालासाठी' वापरू देणाऱ्यांनी हे कलम विशेषत्वाने लक्षात ठेवावे. पोलीस उपनिरीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यास झडती आणि जप्तीचे अधिकार आहेत.

दोन गैरसमज येथे दूर केले पाहिजेत. 'आमच्या द्रवात निकोटीनच नाही, म्हणजे ते चालते' हा पहिला. कायद्याच्या व्याख्येत निकोटीन असलेले आणि नसलेले, दोन्ही प्रकार येतात. ई-हुक्का आणि तंबाखू न जाळता तापविणारी उपकरणेही तीत समाविष्ट आहेत. 'परदेशातून स्वतःपुरते आणले तर अडचण नाही' हा दुसरा. आयातीवरील बंदीत वैयक्तिक सामानाला सवलत दिलेली नाही. विमानतळावर अशी उपकरणे जप्त होतात. हा कायदा ओढण्याच्या कृतीला स्वतंत्र शिक्षा सांगत नाही, हे खरे; परंतु वस्तू मिळविण्याचा प्रत्येक वैध मार्ग त्याने बंद केला आहे.

विडी, सिगारेट आणि तंबाखू खुलेआम विकली जात असताना ई-सिगारेटवरच बंदी का, असा प्रश्न अनेक जण विचारतात आणि तो अनाठायी नाही. हे उपकरण अद्याप समाजात मोठ्या प्रमाणावर रुजलेले नसताना, नवी पिढी व्यसनाकडे ओढली जाण्याआधीच ते रोखावे, अशी त्यामागील शासनाची भूमिका होती. ती कोणाला पटो वा न पटो, कायदा मात्र सर्वांना सारखाच लागू आहे.

निवड करता येते का?

जेथे विक्री नियंत्रित आहे, तेथे निवडीला काही अर्थ असतो. ब्रिटनमध्ये निकोटीनयुक्त द्रवाची बाटली १० मि.लि.हून मोठी असता कामा नये, तीव्रता २० मि.ग्रॅ.च्या पुढे जाता कामा नये, उपकरणाची टाकी २ मि.लि.हून मोठी नसावी आणि झाकण लहान मुलास उघडता न येणारे असावे, असे नियम आहेत. तेथे राहणाऱ्या ग्राहकाने हे तपशील पाहूनच वस्तू घ्यावी. एकदा वापरून फेकावयाच्या व्हेपवर तेथे १ जून २०२५ पासून बंदी आहे. ऑस्ट्रेलियात जुलै २०२४ पासून या वस्तू केवळ औषधांच्या दुकानांतून मिळतात. सिंगापुरात त्या जवळ बाळगणेही गुन्हा आहे. मुलांकडे वा नातेवाइकांकडे परदेशी जाणाऱ्यांनी त्या-त्या देशाचा नियम आधी पाहून घ्यावा.

आपल्याकडे बंदी असल्यामुळे जे काही मिळते ते चोरट्या मार्गाने आलेले असते. त्यावरील लेबल कोणी तपासलेले नसते. तीव्रता ३ लिहिलेली असली तरी आत ३० नसेलच, याची हमी कोण देणार? कच्चा माल कोणता, बाटली कोठे भरली, हे सांगणारी कोणतीही यंत्रणा तिच्यामागे उभी नसते. अमेरिकेत २०१९ मध्ये व्हेप वापरणाऱ्यांमध्ये फुप्फुसाच्या गंभीर आजाराची साथ पसरली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण रुग्णालयांत दाखल झाल्याची वा दगावल्याची नोंद झाली. त्यांतील ६८ मृत्यूंची खात्री पटली होती. त्याचा निकटचा संबंध 'व्हिटॅमिन ई अॅसिटेट' या तेलकट पदार्थाशी आढळला. गांजातील मादक द्रव्य असलेल्या, मुख्यतः चोरट्या बाजारातील द्रवांमध्ये तो घट्टपणासाठी मिसळला जात होता. सिंगापुरात भूल देण्यासाठी वापरले जाणारे एटोमिडेट हे औषध व्हेपच्या द्रवात मिसळल्याचे आढळल्यावर, सप्टेंबर २०२५ पासून त्याचा समावेश अमली पदार्थांच्या यादीत करण्यात आला. दोन्ही ठिकाणी बाहेरून पाहून काहीही कळत नव्हते.

'स्वाद तर खाण्याचेच असतात' हा युक्तिवादही टिकत नाही. पोट आणि फुप्फुस यांची सहनशक्ती वेगळी असते. लोण्याचा स्वाद देणारे डायॲसिटिल हे द्रव्य खाण्यात सुरक्षित मानले जाते. तेच श्वासावाटे गेल्याने अमेरिकेतील पॉपकॉर्न कारखान्यांतील कामगारांना फुप्फुसाचा असाध्य विकार जडला होता. तात्पर्य, धाराशिवच्या वाचकापुढे 'चांगले ई-लिक्विड कोणते' या प्रश्नाला उत्तर नाही. निवड करण्यासाठी जी खात्रीशीर माहिती लागते, तीच येथे उपलब्ध नाही.

साठवण : काय बिघडते आणि का?

ई-लिक्विडचे तीन शत्रू आहेत : उष्णता, प्रकाश आणि हवा. निकोटीनचा हवेतील प्राणवायूशी संयोग झाला की ते प्रथम पिवळसर आणि मग तपकिरी होत जाते. उष्णता आणि सूर्यप्रकाश ही क्रिया वेगाने घडवितात. स्वादद्रव्ये उडून जातात वा त्यांचे परस्परांशी संयोग होतात. मात्र केवळ रंगावरून द्रवाची पारख करता येत नाही. व्हॅनिलासारख्या स्वादांमुळेही ते गडद होते.

म्हणूनच जेथे हे द्रव कायदेशीर आहे, तेथे ते मूळ बाटलीत, झाकण घट्ट लावून, थंड व अंधाऱ्या जागी आणि कुलपात ठेवावे असे सांगितले जाते. ते फ्रिजमध्ये ठेवावयाचेच असेल, तर अन्नापासून पूर्णतः वेगळ्या, बंद डब्यात ठेवावे लागते. डोळ्यांत वा कानांत घालावयाच्या औषधांच्या शेजारी ही बाटली कधीही ठेवू नये. दोन्हींचा आकार आणि टोक सारखे असल्याने गफलत होते. परदेशी मुलांकडे जाणाऱ्या आजी-आजोबांनी, विशेषतः दृष्टी अधू असणाऱ्यांनी, ही खबरदारी जरूर घ्यावी. सुट्या बॅटऱ्या नाणी-किल्ल्यांबरोबर खिशात ठेवू नयेत. त्यांची टोके जोडली जाऊन आग लागू शकते.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात चाळिशी ओलांडणारा पारा, तापलेले पत्र्याचे छत, उन्हात उभ्या दुचाकीची डिकी, या गोष्टी लक्षात घेतल्या तर लपवून ठेवलेल्या बाटलीची अवस्था काय होत असेल, हे वेगळे सांगावयास नको. कायद्याच्या आणि आई-वडिलांच्या भीतीने ती लपविली जाते : उशीखाली, कपड्यांच्या घडीत, मोकळ्या कुपीत लेबलाविना. साठवणुकीचा प्रत्येक नियम तेथे मोडला जातो, आणि जी व्यक्ती तिला हात लावते तिला आत काय आहे हे ठाऊक नसते.

शेतकऱ्याला ठाऊक असलेला धडा

निकोटीन हे विष आहे हे आपल्या शेतकऱ्याला कोणी नव्याने शिकवावे लागत नाही. नैसर्गिक शेतीत वापरल्या जाणाऱ्या 'अग्निअस्त्र' या फवारणीत गोमूत्र, कडुनिंबाचा पाला, तिखट हिरवी मिरची आणि लसूण यांच्याबरोबर तंबाखूही उकळतात. किडी मरतात त्यात निकोटीनचाही वाटा असतो. निकोटीन सल्फेट हे पूर्वी जगभर वापरात असलेले कीटकनाशक होते. भारतात त्याच्या वापरावर आज बंदी आहे. निकोटीन त्वचेतूनही शरीरात शिरते. ओल्या तंबाखूची पाने खुडणाऱ्या मजुरांना मळमळ, उलट्या आणि भोवळ येते, ती याच कारणाने.

फवारणीचे औषध स्वयंपाकघरात ठेवू नये, ते दुसऱ्या बाटलीत ओतू नये, हाताळल्यावर हात धुवावेत आणि मुलांच्या हाती लागू देऊ नये, हे सोयाबीन, तूर वा द्राक्षाच्या शिवारात वावरणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. फळाच्या वासाची ही छोटी बाटली त्याच वर्गातील आहे असे मानले, की तिच्याशी कसे वागावे हे आपोआप कळते.

घरात बाटली सापडल्यास

प्रथम ती मुलांच्या आवाक्याबाहेर, उभी आणि घट्ट बंद करून ठेवावी. गळत असल्यास हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी वापरून उचलावी. ती मोरीत, आडात वा ओढ्यात ओतू नये. चुलीत किंवा कचऱ्याबरोबर जाळू नये, कारण उपकरणातील बॅटरी फुटू शकते. आरडाओरडा करून मुलाला गप्प करण्यापेक्षा, त्यात काय आहे आणि किती दिवसांपासून ते चालू आहे, हे शांतपणे विचारणे उपयोगाचे. वैद्यकीय प्रसंग ओढवला तर तीच माहिती डॉक्टरांना लागते. संख्येने अधिक बाटल्या वा उपकरणे आढळली, तर हा विक्रीचा साठा असू शकतो. अशा वेळी वकिलाचा सल्ला घेऊन ती पोलीस ठाण्याच्या स्वाधीन करणे हाच योग्य मार्ग होय.

विषबाधेची लक्षणे आणि प्रथमोपचार

द्रव पोटात गेल्यास आरंभी तोंडाला लाळ सुटणे, मळमळ, उलट्या, घाम, चेहरा पांढरा पडणे, हात थरथरणे आणि छातीत धडधड ही लक्षणे दिसतात. पुढे अशक्तपणा, झटके येणे आणि श्वास मंदावणे अशी गंभीर अवस्था येऊ शकते. मीठ-पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी करवू नये. तोंड पाण्याने पुसून काढावे आणि विलंब न लावता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. त्वचेवर सांडल्यास कपडे उतरवून साबण आणि भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यांत गेल्यास पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याची धार सोडावी. रुग्णालयात जाताना बाटली बरोबर न्यावी. दिल्लीतील 'एम्स'च्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा निःशुल्क क्रमांक डॉक्टरांना तसेच नागरिकांनाही उपलब्ध आहे. कायद्याच्या भीतीने बाटली लपविणे मुलाच्या जिवावर बेतू शकते, हे विसरू नये.

व्यसन सोडायचे असेल तर

ई-सिगारेटच्या बाजूने एक मुद्दा प्रामाणिकपणे नोंदविला पाहिजे. धूम्रपान सोडण्यास निकोटीनयुक्त ई-सिगारेट साह्यभूत ठरते, असे निष्कर्ष परदेशांतील अनेक चाचण्यांतून निघाले आहेत आणि ब्रिटनच्या आरोग्ययंत्रणेने ते स्वीकारलेही आहेत. परंतु ते निष्कर्ष नियंत्रित उत्पादनांचे आणि सिगारेट ओढणाऱ्यांचे आहेत. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करीत होते. त्यांत धूम्रपान करणारे केवळ ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के होते. म्हणजे आपला मूळ प्रश्न चुना-तंबाखू आणि मिश्रीचा आहे. ज्याने कधी सिगारेट ओढली नाही, त्याच्या हाती व्हेप देणे म्हणजे जुने व्यसन तसेच ठेवून नवे जोडणे होय.

वैध मार्ग उपलब्ध आहेत. २ मि.ग्रॅ. निकोटीनचे च्युइंगगम औषधांच्या दुकानात मिळते. परवानाप्राप्त औषध असल्याने ते ई-सिगारेट कायद्याच्या कक्षेत येत नाही. ते डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावे आणि तेही मुलांपासून दूर ठेवावे. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतवाहिनीचा १८००-११-२३५६ हा क्रमांक निःशुल्क असून तो तंबाखूच्या पाकिटांवरही छापलेला असतो. ०११-२२९०१७०१ या क्रमांकावर मिस्ड कॉल दिल्यास मोबाइलवर मार्गदर्शनपर संदेश मिळतात. जिल्हा रुग्णालयात समुपदेशनाविषयी चौकशी करता येते.

तळहातावरच्या तंबाखूला वास आणि रंग होता. घरातली माणसे निदान रागावू तरी शकत होती. नव्या बाटलीला फळाचा सुगंध आहे. तो हुंगून फसण्याआधी तिच्यावरचा आकडा वाचावा आणि आत काय आहे ते घरातल्या सर्वांना समजावून सांगावे.